परतीचं पाकीट

१

आमच्या कचेरीत गोष्टी आवडून घेणारी माणसं वेगळी आहेत. मला पगार मिळतो तो संशय घेण्याचा.

आमचं प्रकाशन दरवर्षी विज्ञानकथांचा एक जाडजूड संग्रह काढतं. सगळ्या कथा उद्याच्या, आणि उद्या वाईट असणार याबद्दल सगळ्या लेखकांचं एकमत. कथा स्पर्धेतून निवडतात. नियम थोडे आहेत: एका लेखकाने एकच कथा पाठवायची, आणि कचेरीतल्या कोणाच्याही नातलगाने पाठवायची नाही. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा टंकलिखित हवी. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट हवं. लेखकाचं नाव माझ्या टेबलापर्यंत येत नाही. येतो तो फक्त क्रमांक.

माणूस म्हटला की लबाडी आलीच. एकच गृहस्थ तीन नावांनी तीन कथा पाठवतो, म्हणून मला ठेवलंय. प्रत्येक कथेचं मी एक कार्ड करते. वाक्याची सरासरी लांबी, परिच्छेद कशाने उघडतो, माणसं खोलीत कशी शिरतात, लेखक घाबरला की काय करतो. दोन कार्डं जुळली की खाली शेरा मारायचा: हात एकच.

बावीस वर्षांत मला एवढं कळलंय की जगाचा शेवट सांगताना माणूस स्वतःच्या सगळ्या सवयी उघड्या टाकतो. निवृत्त इंजिनिअरच्या कथेत शहर बुडतं, पण त्याआधी तो तुम्हाला पंपाची रचना समजावतो. शाळामास्तरचा हुकूमशहा सगळ्या देशाला बाकावर उभं करतो. डॉक्टर लोक माणूस दोन ओळींत मारतात. कवी त्याला पानभर मरू देतात. कोणी पहिल्याच वाक्यात सूर्य विझवतो आणि उरलेली वीस पानं अंधारात चाचपडतो. कोणी सरकारी खात्यांची नावं शोधण्यात इतका रमतो की त्या खात्यांत माणसं घालायची राहून जातात.

कथेत काय लिहिलंय ते मी वाचत नाही. कसं लिहिलंय तेवढंच वाचते. शिंप्याला विचारा, समोरून गेलेल्या माणसाचा चेहरा त्याला आठवणार नाही, शिवण आठवेल. माझ्या शेऱ्यावर दुसरी सही लागते ती मास्तरांची. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन आमच्याकडे आले आणि ते मात्र गोष्ट वाचतात, अगदी चष्मा काढून डोळे पुसत वाचतात. मी त्यांना म्हणायची, "मास्तर, तुम्ही चुकीच्या खात्यात आलात."

माझ्या या तोऱ्याचं पुढे काय झालं ते सांगते.

२

माझा धाकटा भाऊही असल्याच कथा लिहायचा. त्याने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, त्यामुळे आईवडिलांच्या मागे आम्ही दोघं एकाच घरात राहिलो. चार खोल्या, मधे एक लांब बोळ, बोळाच्या टोकाला दार.

त्याच्या कथेत सरकार कधी दिसायचं नाही. दारावर चिकटवलेली सूचना दिसायची. बॉम्ब पडायचे नाहीत. नळाचं पाणी रोज पाच मिनिटं उशिरा यायचं. त्याची माणसं बसत नसत. सगळी उभी. वाईट बातमी सांगण्याआधी ती हात पुसत. आणि भीती वाटली की घरातल्या वस्तू मोजायला लागत: दोन खुर्च्या, एक बादली, सात चमचे.

पण त्याची खरी खूण श्वासाची. त्याला लहानपणापासून दमा. कथा तो आधी मोठ्याने बोलायचा, मग लिहायचा, आणि वाक्याच्या शेवटच्या शब्दाशी पोचेपर्यंत त्याचा दम संपायचा. तिथे तो स्वल्पविराम द्यायचा. 'रस्ता होता, त्यावर माणसं होती, फक्त आवाज, नव्हता.' मासिकांचे संपादक ते स्वल्पविराम काढायचे आणि हा परत घालायचा. "ती चूक नाही, साहेब, तो माझा श्वास आहे," म्हणायचा.

मागच्या वर्षी दमा फारच बळावला. डॉक्टरांनी डोंगरावरचं एक आरोग्यधाम सुचवलं. सहा आठवडे तिथे कोणाला भेटू देत नाहीत. मी त्याला आणायला गेले तेव्हा तो फाटकाशी बॅग घेऊन उभा होता. गाल भरलेले, रंग उजळलेला. "चल, ताई," म्हणाला आणि रस्त्यापर्यंतची चढाची वाट माझ्या पुढे चालू लागला. मी मागून धापा टाकत.

सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तसा आमच्याकडचा गेला. भिंतीपलीकडून येणारी त्याच्या छातीची शीळ मी चाळीस वर्षं ऐकली होती. ती बंद झाली तेव्हा पहिले काही दिवस मला झोपच येईना. घर एवढं शांत असतं हे मला माहीतच नव्हतं. भाऊ सकाळी लवकर उठू लागला, कपड्यांच्या घड्या घालू लागला, जेवताना 'छान झालंय' म्हणू लागला. लिहिणं मात्र थांबलं. "सुचत नाही आता," तो हसून म्हणाला. मला वाईट वाटलं. पण मनात म्हटलं, गोष्टी हव्यात की भाऊ? भाऊच हवा.

३

त्रेचाळीस क्रमांकाची कथा माझ्या टेबलावर आली तेव्हा मी तिसऱ्या ओळीला ओळखली.

नळदुरुस्ती करणारा एक माणूस. उभा. चार खोल्या. दारावर सूचना. दुसऱ्या पानावर त्याने हात पुसले, चौथ्या पानावर चमचे मोजले, आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी, अगदी नेमका, तो तुटलेला श्वास. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर हात आपटला. मास्तरांनी दचकून वर पाहिलं. म्हणजे लबाड लिहीत होता! माझ्यापासून लपवून, टोपणनाव घेऊन, माझ्याच कचेरीत पाठवत होता. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची खोड जुनीच.

मग नियम आठवला. मी कार्ड भरलं. वाक्याची सरासरी लांबी: चौदा शब्द. जागा: चार खोल्या. शेरा: हात माझ्या भावाचा. नियमानुसार परत.

संपादक म्हणाले, "बाई, जग म्हणतं आपला तो बाब्या. तुम्ही तर स्वतःच्या बाब्यालाच आधी हाकललंत."

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटला.

टपाल सांभाळणाऱ्या काकूंनी कथा परतीच्या पाकिटात घातली. पाकिटावर आमच्याच घराचा पत्ता होता, टंकलिखित. काकू म्हणाल्या, "मी तर घरी सगळ्यांना तुमचं कौतुक सांगणार आहे."

आमच्या घरी टपाल अकरा वाजता येतं. तेव्हा मी कचेरीत असते, भाऊ घरी. दोन दिवसांनी ते फाडलेलं पाकीट मला केराच्या टोपलीत दिसलं. आता पकडला गेल्यासारखं तोंड करील, हसेल, म्हणून मी वाट पाहत राहिले. रात्रीचं जेवण झालं तरी काही नाही.

"टपालात काही आलं का रे?" मीच विचारलं.

"तुझ्यासाठी काही नाही, ताई," तो म्हणाला आणि ताटं उचलली.

४

तीन आठवड्यांनी अडुसष्ट क्रमांक आला. या वेळी एक शिक्षक होता आणि खोल्या तीन होत्या. हात तोच. मी कार्ड भरायला घेतलं आणि शब्द मोजताना थांबले. सरासरी अकरा.

लेखक वर्षभरात वाक्य आखडतो, असं होतं. तीन आठवड्यांत तीन शब्दांनी कधी पाहिलं नव्हतं. मी पुन्हा मोजलं, अकराच. मग म्हटलं, घाईत लिहिली असेल. शेरा मारला, परत.

त्या रविवारी दुपारी मी पडले होते. भिंतीपलीकडून भावाचा आवाज येत होता. तो काहीतरी मोठ्याने वाचत होता. शब्द कळत नव्हते, नुसती लय कळत होती. आवाज वाक्याच्या एका टोकाला सुरू व्हायचा आणि दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता सरळ जायचा. मग शांतता. मग तेच वाक्य पहिल्यापासून. परत सरळ. परत पहिल्यापासून. असं तासभर चाललं होतं. मला वाटलं, जुनं आपलंच लिहिलेलं वाचत असेल. पण आपलंच लिहिलेलं वाक्य कोणी बारा बारा वेळा कशाला वाचील?

दुसऱ्या दिवशी मी एक उपद्व्याप केला. त्याला म्हटलं, "आत्याला एक पत्र लिही बाबा, तुझ्या तब्येतीचं. ती सारखी विचारते." त्याने आज्ञाधारकपणे दोन पानं लिहिली. पत्र टाकण्याआधी मी कचेरीत नेऊन त्याचं कार्ड केलं. सरासरी सोळा शब्द. पत्रातली माणसं सगळी बसलेली. कोणी हात पुसत नव्हतं, काही मोजत नव्हतं. श्वास कुठेच तुटत नव्हता. पत्राचं आणि कथेचं कार्ड मी शेजारी शेजारी ठेवलं. दहापैकी एकही खूण जुळत नव्हती. अनोळखी माणसाची असती तर मी डोळे मिटून लिहिलं असतं: हात वेगळे.

मी डोळे मिटले नाहीत. म्हटलं, पत्र वेगळं, गोष्ट वेगळी. बरा झालेला माणूस पत्रात कशाला धापा टाकील? आणि कथेत तो जुना आवाज मुद्दाम काढत असेल. लेखकांचं काय सांगावं. माझ्या डोक्याला कामाची खोड लागली आहे, साप म्हणून भुई धोपटायची.

५

एक्क्याण्णव क्रमांक. बसचा वाहक. दोन खोल्या. सरासरी आठ.

तो परत पाठवून मी घरी गेले ती ठरवूनच. "पुरे झाली चेष्टा," मी म्हटलं. "तीन पाठवल्यास, तिन्ही मी ओळखल्या."

तो कपड्यांना इस्त्री करत होता. त्याने इस्त्री उभी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. तो गोंधळला नाही, ओशाळलाही नाही. त्याने फार लक्ष देऊन पाहिलं. "कशावरून ओळखतेस, ताई?"

मला कोणी कामाबद्दल कौतुकाने विचारलं की मी विरघळते. बावीस वर्षांत घरी कोणी विचारलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. उभी माणसं, हात पुसणं, चमचे. शेवटच्या शब्दाआधीचा श्वास कसा, किती, आणि तो प्रत्येक वाक्यात नसतो, लहान वाक्याला तो गिळतो, हेही सांगितलं. तो मधे मधे विचारत होता. "गिळतो म्हणजे कसं?" मी म्हणून दाखवलं. त्याने माझ्या मागून म्हटलं. "असं?" "नाही रे, जरा आधी." "असं?"

चांगला तास गेला. झोपताना माझ्या लक्षात आलं की कथा आपणच पाठवल्या असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात आला. पंच्याने हात पुसले. कोरडेच होते. मग म्हणाला, "ताई, गॅस, संपलाय."

मी हसले. म्हटलं, माझी नक्कल करतोय. पण त्यानंतर तो जेवायला बसेना. ताट हातात घेऊन ओट्याशी उभा राहून जेवायचा. "बस की रे," म्हटलं की म्हणायचा, "असंच बरं, वाटतं." एकदा मी बोळातून येत होते आणि तो चमच्यांच्या खणाशी ओठ हलवत उभा होता.

मी आरोग्यधामात फोन केला. काय विचारायचं ते धड ठरवलं नव्हतं. पलीकडच्या बाई वहीची पानं चाळून म्हणाल्या, "तुमच्या भावाला तुम्हीच घेऊन गेलात ना? ओळख पटवून घेतल्याची तुमची सही आहे इथे." सही माझीच होती, ते मला नाकारता येईना. मी आभार मानून फोन ठेवला.

६

एकशे बारा क्रमांक सकाळी दहाला आला. आता मला वाचायचीही गरज नव्हती. सात पानांची जेमतेम कथा. नायकाला धंदा नव्हता. एक खोली. सरासरी पाच. मनातली कुरकुर मी नेहमीच्या उपायाने गप्प केली, म्हणजे काम करून. कार्ड भरलं, शेरा मारला: हात माझ्या भावाचा. सहीसाठी मास्तरांकडे टाकलं.

दुपारी तीनच्या सुमारास मास्तर माझ्या टेबलाशी आले. चष्मा हातात, डोळे लाल.

"बाई, आजची ती कथा तुम्ही वाचलीत का?"

"शेरा मारलाय ना."

"शेरा नाही हो. गोष्ट. वाचलीत?"

मी कार्डांचा गठ्ठा सरळ केला.

"चारही एकच गोष्ट आहे," मास्तर म्हणाले. ते समोरच्या खुर्चीत बसले आणि सावकाश सांगू लागले. एक शहर आहे, त्यात माणसांना बंद खोल्यांतून ठेवलंय. बोलायला बंदी. फक्त काल्पनिक गोष्ट लिहून एका खिडकीत द्यायला परवानगी आहे. खिडकीवर एक बाई बसते. तिने गोष्ट ठेवून घेतली तर माणूस सुटतो. परत केली तर त्याची एक खोली बंद करतात, त्या खोलीतल्या हवेसकट. "आणि ती बाई कागद हातात घेते, म्हणते, हा त्याचाच, आणि परत करते. पहिल्या कथेत चार खोल्या. मग तीन, मग दोन. आजच्या कथेत एकच उरलीये. वाक्यं केवढीशी झालीत. त्या माणसाला श्वासच पुरत नाहीये."

खोल्या मीच लिहिल्या होत्या कार्डांवर. चार, तीन, दोन, एक. 'जागा' या मथळ्याखाली, माझ्या सुवाच्य अक्षरात. वाक्यांची लांबीही मीच मोजली होती. पुरावा म्हणून.

"तुमच्या भावाने काय लिहिलंय हो," मास्तर म्हणाले. "त्या खिडकीवरच्या बाईवर तो जरासुद्धा रागवत नाही. शेवटी काय म्हणतो माहितीये? 'तिने ओळखलं. एवढं तरी, झालं.'"

आमच्या चार खोल्यांच्या घरात मोकळ्या छातीने झोपणारा तो माणूस डोळ्यांपुढे आला आणि मी उठले. "मास्तर, कुठे आहे ती कथा?"

"सही करून दिली की मघाशीच. तुमचा शेरा होता, मी कोण अडवणार?"

काकूंच्या टेबलावरचा ट्रे रिकामा होता. "अडीचच्या थैलीत गेली," त्या म्हणाल्या. मी विचारलं, ज्या पाकिटांतून या कथा आल्या त्यांच्यावर कुठल्या टपालकचेरीचा शिक्का होता? काकूंनी डोकं खाजवलं. "तिकिटं होती, पण शिक्का नव्हता हो बाई, चारही वेळा. मी म्हटलं, तुम्हीच घरून येताना आणून टाकत असाल."

मी संपादकांकडे गेले. म्हटलं, कथा ठेवून घ्या, छापा, माझा शेरा चुकला. ते शांतपणे म्हणाले, "हात तुमच्या भावाचा नाही?"

"आहे. त्याचाच आहे."

"मग शेरा बरोबर आहे की," ते म्हणाले. "बाई, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. काय लिहिलंय ते बघू नका."

७

दोन दिवसांनी मी रजा टाकली. टपाल येईपर्यंत दारातून हलायचं नाही, ते पाकीट माझ्याच हातात पडलं पाहिजे, एवढंच ठरवलं होतं. पुढचं ठरत नव्हतं.

पावणेअकराला भाऊ, भाऊच म्हणते, दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही, मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेला. त्याच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी आत डोकावले.

टेबलावर तीन कथा ओळीने मांडलेल्या होत्या. पानांवर पेन्सिलीने उभ्या रेघा, प्रत्येक वाक्यात, शेवटच्या शब्दाआधी. समासात बारीक, नीटनेटकं अक्षर. 'इथे थांबायचं.' 'इथे थांबायचं.' 'इथे नाही, लहान आहे, गिळायचं.' एका पानाखाली लिहिलं होतं, 'हे तिला आवडेल.' शेजारी कार्डांचा छोटा गठ्ठा होता, माझ्यासारखीच आखलेली कार्डं. सगळ्यात वरच्यावर त्याने मथळा घातला होता, 'ताई', आणि त्याखाली पंधरा-वीस ओळी भरलेल्या होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. वाचायला हव्या होत्या, पण माझ्याने झालं नाही.

घंटी वाजली.

बोळात आम्ही एकदमच आलो. "मी घेतो, ताई, तू बस," तो म्हणाला.

"मी घेते," मी म्हटलं, आणि त्याच्या अंगाला घासून पुढे गेले. पोस्टमनने पाकीट माझ्या हातात दिलं. दार लावून मी दाराला पाठ टेकली आणि पाकीट छातीशी धरलं. पातळ होतं. सात पानं. बोळाच्या दुसऱ्या टोकाला तो उभा होता, वाटेत, दोन्ही हात मोकळे सोडून.

"माझा भाऊ कुठे आहे?" मी विचारलं.

"मी आहे ना."

"तो कुठे आहे?"

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोडी काळजी होती, माझीच.

मी पाकीट फोडलं. निदान आता तरी वाचावं म्हणून. पण अक्षरं पाण्यात हलावी तशी हलत होती, एकही ओळ धरता येईना. परत पाठवावं तर कुठे? पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून या घराचाच पत्ता होता. आम्ही दोघं त्याच पत्त्यावर उभे होतो.

"दे, मी वाचून दाखवतो," तो जवळ येऊन म्हणाला. त्याने कागद ओढले नाहीत. नुसता हात पुढे केला आणि थांबला. मी ते कागद सोडले. का सोडले हे मी रोज स्वतःला विचारते. मला ऐकायचं होतं, दुसरं काय.

तो उभ्या उभ्याच वाचू लागला. पहिलं वाक्य. शेवटच्या शब्दाआधी थांबला, नेमका. दुसरं वाक्य लहान होतं, तिथला श्वास गिळला. तिसऱ्याला त्याच्या छातीतून बारीक शीळ आली. चाळीस वर्षं ऐकलेली. वाकलेली मान, कागद धरायची तऱ्हा, वाक्य संपल्यावर ओठ मिटणं, सगळं. माझ्याकडे कार्ड असतं तर दहापैकी दहा खुणांवर मी बरोबरची खूण केली असती. मी तिथेच जमिनीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. मला माझ्या भावाची इतकी आठवण आयुष्यात कधी आली नव्हती.

सात पानं लवकर संपली. त्याने कागद नीट एकसारखे केले.

"आता अजून, येतील, ताई?"

माझ्या भावाची एक खोली उरली होती. ती मी दोन दिवसांपूर्वी, सकाळी दहा वाजता शेरा मारून, परत पाठवली होती.

"नाही," मी म्हटलं. "आता येणार नाहीत."

त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरला. त्याला हायसं वाटलं ते मला दिसलं. आणि मलाही वाटलं.